इंग्लंडच्या सरदार घराण्यांतले बालविवाह: लग्न पाचव्या वर्षी, मग नांदणं कधी?

प्रश्न असा आहे की मध्ययुगीन इंग्लंडमधे राजघराण्यातल्या आणि सरदारांच्या मुलींची लग्नं खरंच पाचव्या-सहाव्या वर्षी व्हायची का, झाली तर त्या लगेच नांदायला जायच्या का, आणि "त्या काळी सगळीकडे असंच होतं, आजच्या चष्म्यातून बघू नका" असं लोक म्हणतात ते कितपत खरं. मी बावीस वर्षं लॉ कॉलेजला फॅमिली लॉ आणि कायद्याचा इतिहास शिकवते, आणि हे चष्म्याचं वाक्य मला दर वर्षी वर्गात ऐकू येतं. दर वर्षी त्यावर एक अख्खा तास जातो, कारण ते निम्मं खरं आहे आणि उरलेलं निम्मं त्या मुलींवर अन्याय करणारं आहे. म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आधी थोडक्यात: हो, लग्नं व्हायची, दोन वर्षांच्या मुलीचंही झालंय. नांदायला मात्र बहुतेक वेळा लगेच पाठवत नसत. आणि सगळीकडे असं नव्हतं, ही जमीनदार वर्गाची रीत होती आणि तिच्या मुळाशी जमीन होती.

जमिनीचं आधी समजून घ्या, नाहीतर बाकीचं नुसतं विचित्र वाटत राहतं. १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर सगळी जमीन शेवटी राजाची ठरली, सरदार ती लष्करी चाकरीच्या बदल्यात धरायचा. आता सरदार मेला आणि वारस अज्ञान, म्हणजे कायद्याने लहान, असला तर चाकरी कोण करणार? म्हणून ती जमीनही राजाच्या ताब्यात आणि ते मूलही राजाच्या ताब्यात, मुलगा असेल तर २१ वर्षांचा होईपर्यंत, मुलगी असेल तर साधारण १४ पर्यंत. याला वॉर्डशिप म्हणायचे. (मोठ्या सरदाराच्या हाताखालच्या छोट्या जमीनदाराचं मूल असेल तर हाच हक्क त्या मोठ्या सरदाराला.) मधल्या काळातलं उत्पन्न राजा खाणार, आणि त्याशिवाय एक वेगळा हक्क त्याच्याकडे असायचा तो म्हणजे त्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न ठरवायचा. हा हक्क विकता यायचा, बक्षीस देता यायचा, मृत्युपत्रात लिहून ठेवता यायचा, म्हणजे "अमक्याच्या मुलीचं लग्न" ही एक मालमत्ता होती आणि ती या हातातून त्या हातात फिरायची. दुसऱ्या हेन्रीने ११८५ साली बारा परगण्यांमधल्या अशा विधवांची आणि पोरक्या वारसांची यादीच करून घेतली होती. त्यात बाईचं वय, मुलं किती, जमिनीचं उत्पन्न किती, बैल किती, मेंढ्या किती, सगळं एका ओळीत लिहिलंय. ती नोंद मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा पोरं गप्प होतात, कारण मुलीचं वय आणि मेंढ्यांची संख्या एकाच सुरात येते.

आता यातून बापाने काय धडा घ्यावा? मी उद्या लढाईत मेलो आणि माझी पोर बिनलग्नाची असली तर राजा तिला कुणाच्याही गळ्यात बांधणार. पण माझ्या हयातीतच मी तिचं लग्न लावून टाकलं तर विकायला काही उरतच नाही. म्हणजे लहानपणी लग्न उरकण्याचं एक मोठं कारण हे होतं की बापाला राजाच्या आधी पोचायचं होतं. त्यात काळजी होती हे मी नाकारत नाही, पण ती काळजी घराण्याची आणि जमिनीची आधी, मुलीची नंतर. १२१५ च्या मॅग्ना कार्टाचं सहावं कलम याच भांडणातून आलंय, वारसांची लग्नं करताना त्यांना हलक्या घरात देऊ नये. बघा, सरदारांनी राजाकडून काय लिहून घेतलं? स्थळ तोलामोलाचं असावं एवढंच. वयाबद्दल एक अक्षर नाही.

हा बाजार किती खालपर्यंत जायचा ते एका मुलीच्या गोष्टीवरून कळतं. लिंकनशायरमधे सेलबी गावचा टॉमस म्हणून एक म्हातारा निपुत्रिक सरदार होता. जमीन दिराकडे जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोने गरोदर असल्याचं सोंग केलं आणि गावातल्या एका गरीब बाईची तान्ही मुलगी आणून आपली म्हणून दाखवली, तिचं नाव ग्रेस. लिंकनचा बिशप ह्यू याला हे कळलं, त्याने टॉमसला दटावलं, पण टॉमस लवकरच मेला आणि लग्नाच्या बायकोचं मूल ते नवऱ्याचंच असं कायदा धरून चालायचा, त्यामुळे ग्रेस वारस ठरली. मग राजाच्या वनाधिकाऱ्याचा भाऊ ॲडम नेव्हिल याने तिच्याशी लग्न लावलं, तेव्हा ती चार वर्षांची होती. बिशपने मनाई केली होती, पण तो नॉर्मंडीला गेला आणि इकडे यांनी उरकून घेतलं. बिशपने परत येऊन त्या पाद्र्याला निलंबित केलं, पण लग्न लागलं ते लागलंच. पुढे ॲडम मेला, तर जॉन राजाने तिला २०० मार्कांना आपल्या एका सेवकाला दिलं, तोही मेला, तर ३०० मार्कांना तिसऱ्याला, ब्रायन डी लाइल नावाच्या अधिकाऱ्याला. एक मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड, त्यामुळे ही रक्कम त्या काळी चांगलीच मोठी. ग्रेस मूलबाळ न होता मेली आणि जमीन अखेर त्याच दिराच्या घरात गेली. ही सगळी हकीकत बिशपच्या चरित्रात आहे आणि ती बिशपचा मोठेपणा सांगायला लिहिलीय, ग्रेसला स्वतःला काय वाटत होतं यावर त्यात काही नाही.

चर्चचं काय म्हणणं होतं? लग्नाचा कायदा हा चर्चचा कायदा होता, राजाचा नाही, हे लक्षात ठेवा. बाराव्या शतकात चर्चने ठरवलं की लग्न होतं ते दोघांच्या संमतीने, आईबापाच्या नाही. ऐकायला फार सुंदर. पण संमती द्यायचं वय? मुलीचं १२ आणि मुलाचं १४. त्याच्या आधी, सात वर्षं पूर्ण झाली की सोयरीक बांधता यायची, आणि सातच्या आतलं काहीही मुळात रद्दच, जर पोपने खास परवानगी दिली नसेल तर. सात ते बारामधे लागलेलं लग्न हे अर्धं लटकलेलं असायचं, मुलीने बारा झाल्यावर "मला मान्य नाही" म्हटलं तर सुटलं, गप्प राहिली किंवा नवऱ्यासोबत राहिली तर पक्कं झालं. आता तुम्हीच सांगा, पाच वर्षं सासरच्या वाड्यात वाढलेली पोर बाराव्या वर्षी एकटी उभी राहून नाही म्हणणार कुणाच्या जोरावर. काही जणांनी म्हटलंय, तसे खटले सापडतात, पण त्यात सुद्धा बहुतेक वेळा मागून दुसरं कुणीतरी बोलवता धनी असायचं.

नंतरच्या, सोळाव्या शतकातल्या चेस्टरच्या चर्च कोर्टाच्या कागदांत अशा लग्नांच्या साक्षी आहेत, ही मात्र खालच्या जमीनदारांची आणि सुखवस्तू लोकांची लग्नं. त्यात तीन वर्षांच्या एका नवरदेवाला पाद्र्याने कडेवर घेतलंय आणि शपथेचे शब्द त्याच्याकडून वदवून घेतोय. अर्ध्यात तो पोरगा कंटाळला, म्हणाला आज मी अजून शिकणार नाही. पाद्री म्हणाला, थोडंसंच राहिलंय, तेवढं बोल आणि मग जा खेळायला. नवरी पाच वर्षांची. हे वाचलं ना, की कायद्यातला "संमती" हा शब्द मला पुढे कित्येक दिवस टोचत राहतो.

आणि हे बारा वर्षांचं गणित किती टिकलं ठाऊक आहे? इंग्लंडच्या कायद्यात मुलीचं लग्नाचं किमान वय १९२९ पर्यंत १२ च होतं. १९२९! त्याच वर्षी आपल्याकडे सारडा कायदा आला. म्हणजे इथे बालविवाहावर भाषणं देणाऱ्या साहेबांच्या स्वतःच्या देशात कागदावर तरी मध्ययुगातलाच आकडा चालू होता (प्रत्यक्षात तोवर तिथे एवढ्या लहान वयात लग्नं होत नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं). शिवाय रखमाबाईंचा मुंबईतला खटला आठवा. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याने १८८४ मधे दावा लावला की बायकोने नांदायला यावं, आणि १८८७ मधे हायकोर्टाने सांगितलं की जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. तो दावा ज्या तत्त्वावर उभा होता ते ना हिंदू धर्मशास्त्रातलं ना मुंबईचं, ते इंग्लंडच्या चर्च कोर्टांमधून आलेलं. इंग्लंडने ते १९७० मधे काढून टाकलं, आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मधे ते अजून आहे. माझ्या वर्गात हा विषय मी म्हणूनच सोडत नाही.

बरं, आता पाचव्या वर्षीचं लग्न. ॲन मोब्रे. नॉर्फकच्या ड्यूकची एकुलती एक मुलगी, जन्म डिसेंबर १४७२, बाप वारला जानेवारी १४७६ ला, म्हणजे तीन वर्षांची पोर इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत वारसदारांपैकी एक झाली. चौथ्या एडवर्ड राजाने तिला आपल्या धाकट्या मुलासाठी धरलं, रिचर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क. १५ जानेवारी १४७८ ला वेस्टमिन्स्टरच्या सेंट स्टीफन चॅपलमधे लग्न लागलं, नवरी पाच वर्षांची, नवरा साडेचार वर्षांचाही पुरता नाही. नात्यात होते म्हणून पोपची परवानगी आणलेली. नवरीला दोन बाजूंनी दोन अर्लनी धरून आणलं, नवऱ्याच्या काकाने, म्हणजे ग्लॉस्टरच्या ड्यूकने, बाहेरच्या गर्दीवर सोन्याचांदीची नाणी उधळली, मग मसाले आणि वाईन झाली, आठवड्याने भाल्यांचे खेळ. आणि पार्लमेंटमधून कायदा करून घेतला की ही मुलगी मूल न होता मेली तरी जमीन नवऱ्याकडेच राहील. नेहमीच्या कायद्याने ती तिच्या बापाच्या नातेवाइकांकडे, हॉवर्ड आणि बर्कली यांच्याकडे जायला हवी होती. ॲन नोव्हेंबर १४८१ मधे मेली, नववा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. जमीन नवऱ्याकडेच राहिली. दोन वर्षांनी तोच नाणी उधळणारा काका तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला, हा छोटा नवरा आपल्या भावासोबत लंडन टॉवरमधे गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. आणि हॉवर्ड? तो नव्या राजाच्या बाजूने उभा राहिला आणि जून १४८३ मधे नॉर्फकचा ड्यूक झाला.

ॲनचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. १९६४ च्या डिसेंबरमधे पूर्व लंडनमधे बांधकामासाठी खोदताना कामगारांना शिशाची एक छोटी पेटी लागली, वर लॅटिनमधे तिचं नाव आणि नवऱ्याचं नाव. आत त्या आठ वर्षांच्या मुलीचा सांगाडा आणि डोक्यावर अजून लालसर केस. १९६५ मधे तिला वेस्टमिन्स्टर ॲबीमधे पुरलं. मी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते जमिनीच्या कायद्यावरच्या लेक्चरमधे, एक केस म्हणून. केसांचं नंतर वाचलं, आणि तेव्हापासून मला ती केस म्हणून शिकवता येत नाही.

आता नांदण्याचं. इथे मराठी वाचकाला फार समजावून सांगावं लागत नाही, कारण लग्न आधी आणि मुलगी शहाणी झाल्यावर सासरी पाठवणी हा प्रकार आपल्या पणज्यांनी भोगलाय. तिथेही दोन्ही गोष्टी वेगळ्या धरायचे. करारात तसं लिहायचे. चौदाव्या शतकात बर्कलीच्या घरात टॉमसचं लग्न सात वर्षांच्या मार्गारेट डी लाइलशी ठरलं तेव्हा करारात आहे की मुलगी कोवळी आहे म्हणून चार वर्षं बापाकडेच राहील. हुंडा हप्त्याहप्त्याने द्यायचा, म्हणजे अमुक रक्कम लग्नाच्या दिवशी, उरलेली नंतर, मुलगी मधेच वारली तर परत किती. आणि कित्येक करारांत तर असंही की हा मुलगा वारला तर हीच मुलगी त्याच्या धाकट्या भावाला. मेरी डी बोहनचं लग्न १३८१ च्या सुमारास हेन्री बोलिंगब्रोकशी (पुढचा चौथा हेन्री राजा) झालं, त्याच्या बापाने, जॉन ऑफ गाँटने, तिच्या लग्नाचा हक्क राजाकडून ५,००० मार्कांना घेतलेला. लग्नानंतर ती आईकडेच राहिली आणि तिच्या खर्चाचे पैसे सासरा आईला देत होता. तिचा मुलगा पाचवा हेन्री १३८६ मधे जन्मला. मेरी १३९४ मधे बाळंतपणात गेली.

दुसऱ्या रिचर्ड राजाची बायको इझाबेला, फ्रान्सची राजकन्या, १३९६ मधे सातवं वर्ष पूर्ण व्हायच्या आत लग्न होऊन आली, राजा २९ वर्षांचा. हा तहाचा भाग होता. तो तिच्याशी मुलीसारखाच वागला. पण दहाव्या वर्षी ती विधवा झाली, परत पाठवली, पुन्हा लग्न लावलं, आणि १४०९ मधे एकोणिसाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात संपली. म्हणजे थांबले तरी सगळं ठीक झालं असं नाही.

आणि काही जण थांबले नाहीत. मार्गारेट बोफर्ट. जन्म ३१ मे १४४३, वर्षाची व्हायच्या आत बाप गेला, राजाने तिचा ताबा सफकच्या अर्लला दिला, त्याने १४५० मधे तिचं लग्न आपल्या मुलाशी लावलं, तेव्हा ती सहा वर्षांची. सफकचा खून झाला, राजाचं मन फिरलं, १४५३ मधे ते लग्न रद्द आणि मुलीचा ताबा राजाच्या सावत्र भावांकडे. त्यातला थोरला एडमंड ट्यूडर, पंचविशीतला, त्याने १४५५ मधे ती बारा वर्षांची होताच लग्न केलं आणि थांबला नाही.

का थांबला नाही? इथे कायदा परत येतो. इंग्लंडच्या कायद्यात असं होतं की बायकोच्या जमिनीचं उत्पन्न ती मेल्यावरही नवऱ्याला आयुष्यभर मिळेल, पण एका अटीवर, त्यांना मूल जिवंत जन्मलं पाहिजे. त्या मुलाचं रडणं चार भिंतींच्या आत ऐकू आलं पाहिजे अशीच पुराव्याची भाषा होती, मूल नंतर तासाभरात मेलं तरी चालेल. म्हणजे श्रीमंत बायकोशी लग्न झालेल्या माणसाला घाई करायला कायदाच पैसे देत होता. एडमंडच्या मनात नक्की हेच होतं अशी त्याची कबुली कुठे नाही, पण मी वकिली डोक्याने बघते तेव्हा मला दुसरं कारण सापडत नाही. त्यालाही काही मिळालं नाही. नोव्हेंबर १४५६ मधे तो कार्मार्थनला साथीच्या रोगाने मेला. मार्गारेट सहा-सात महिन्यांची गरोदर, तेरा वर्षांची, भर हिवाळ्यात दिराच्या पेंब्रोकच्या किल्ल्यात, आणि २८ जानेवारी १४५७ ला तिने मुलगा दिला, पुढचा सातवा हेन्री. तिचा धर्मगुरू जॉन फिशर नंतर म्हणाला की एवढ्या वयात, एवढ्या लहानखुऱ्या देहातून कुणी जन्माला आलं हाच चमत्कार. त्यानंतर तिची आणखी दोन लग्नं झाली, ती ६६ वर्षं जगली, पण तिला पुन्हा मूल झालं नाही.

आता त्या चष्म्याच्या वाक्यावर येते. साध्या लोकांत, शेतकरी आणि कारागिरांत, एवढ्या लहानपणी लग्नं करायचं काही कारणच नव्हतं, विकण्यासारखी जमीन नव्हती. विशेषतः १३४८ च्या प्लेगनंतर पोरी दुसऱ्यांच्या घरी चाकरी करून चार पैसे गाठीला बांधून मग लग्न करताना दिसतात, पुष्कळ जणी विशीत. सगळ्या सरदार मुलींचंही लहानपणी झालं असं नाही, जिच्या नावावर वतन जास्त तिची घाई जास्त. म्हणजे "सगळे" हा शब्द इथेच गळतो.

आणि "त्या काळी कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं" हे तर कागदच खोटं ठरवतात. १२८२ मधे पहिल्या एडवर्डची मुलगी एलिनॉर तेरा वर्षांची होती, अरागॉनच्या घराण्यात दिलेली, तिकडून पाठवा म्हणून मागणी होती. राजाने लिहून कळवलं की तिची आई आणि माझी आई दोघी तयार नाहीत, पोर अजून कोवळी आहे. या दोघी कोण? आई, कॅस्टीलची एलिनॉर, जिचं लग्न १२५४ मधे तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर झालं होतं, आणि आजी, प्रोव्हान्सची एलिनॉर, जी १२३६ मधे साधारण बारा वर्षांची असताना इंग्लंडला नवरी म्हणून आली होती. दोघींना अनुभव होता.

तसंच १४९८ मधे. सातवा हेन्री स्पेनच्या वकिलाशी, म्हणजे राजदूताशी, बोलतोय, त्याची मुलगी मार्गारेट अजून नऊची नाही आणि स्कॉटलंडचा चौथा जेम्स पंचविशीचा. हेन्री म्हणतो की राणी आणि माझी आई या लग्नाच्या पूर्ण विरोधात आहेत, त्यांना भीती वाटते की पोरीला तिकडे धाडलं तर तो राजा थांबणार नाही, तिला इजा करेल, तिच्या तब्येतीचं वाटोळं होईल. ही "माझी आई" म्हणजे पेंब्रोकच्या किल्ल्यातली तीच मार्गारेट बोफर्ट, आता पंचावन्न वर्षांची. स्वतःबद्दल तिने असं काही लिहून ठेवलंय का ते मी खूप शोधलं, मला मिळालं नाही, नातीसाठी मात्र ती राजासमोर बोलली आणि राजाने ते परक्या वकिलाला सांगितलं. लग्न पुढे ढकललं गेलं. ऑगस्ट १५०३ मधे मुलगी एडिंबराला गेली तेव्हा ती तेरा वर्षांचीच होती, पण तिचं पहिलं मूल जन्मलं ते फेब्रुवारी १५०७ मधे, ती सतरा वर्षांची झाल्यावर.